सातव्या घड्याळाची खूण

४ जून
शोकसभेत विभागप्रमुखांनी जे सांगितले, ते साफ चूक! "सातव्या घड्याळाला खूण करायची बिचारीकडून घाईत राहून गेली." — हे माझ्या धाकटीच्या फोटोसमोर! घाई करणाऱ्यांपैकी ती नव्हती. ड्रायव्हर, म्हणजे यंत्राचा एकेक भाग चालवणारे प्रोग्राम, लिहावयास तिला मी शिकवले आहे. त्याच विभागात तीस वर्षे काढून.

५ जून
क्रमाने मांडतो. यंत्रातल्या सर्किट-बोर्डावर काटे नसलेली घड्याळे असतात; ती नुसते ठोके देतात आणि त्या ठोक्यांवर बाकीचे भाग चालतात. ड्रायव्हरमध्ये प्रत्येकाचे वर्णन लिहावे लागते — नाव, वेग, कोणत्या घड्याळापासून ते निघाले. यंत्र सुरू झाले, की ज्या घड्याळावर एकाही ड्रायव्हरने हक्क सांगितलेला नाही, ते कर्नेल, म्हणजे यंत्राचा मूळ प्रोग्राम, बंद करून टाकते. सातव्यावर मेमरी चालत असे. पण मेमरीला स्वतंत्र ड्रायव्हरच नव्हता. म्हणून 'बंद करू नये' ही खूण अत्यावश्यक. ती नव्हती. चारशे यंत्रे सुरू होताच गोठली. दोष धाकटीच्या माथी आला, काम काढून घेतले गेले. आठ महिन्यांनी आजाराने तीही गेली.

६ जून
हिला म्हणालो, "तिचे जुने मसुदे पाहणार आहे."
"गेलेल्या लेकीच्या चुका काढणार आता?"
"चुका नव्हेत. तारखा."
"पहिल्यापासून हेच तुमचं! पोर तापानं फणफणत होती, आणि तुम्ही थर्मामीटर बरोबर आहे का ते बघत बसलात!"
हसली. मग रडली.

९ जून
जावयांनी तिचा लॅपटॉप आणून दिला. "राहू द्या ना, बाबा. कुणाला दाखवू नकोस, म्हणाली होती."
'कुणाला' यात मी येत नसणार, असे गृहीत धरले.

१० जून
पहिला मसुदा सापडला! खूण आहे! उद्याच विभागप्रमुखांना पत्र.

११ जून
पत्र लिहिले नाही.

१२ जून
दुरुस्त केलेल्या तारखा, सर्व गतवर्षीच्या:

१४ मार्च — खूण राहून गेली नव्हती. या दिवशी तिने ती केली, आणि "बाबा, एकदा नजर टाका" म्हणून मसुदा घरी मला पाठवला.

१६ मार्च — घड्याळावर कोणाचाच हक्क नाही, म्हणजे ते कोणालाच लागत नाही, असे धरून मी खूण खोडली. शेरा : 'कारणाशिवाय खूण करू नये.' असे शेरे मी आयुष्यभर शेकड्यांनी मारले. हा आठवतही नव्हता.

१७ मार्च — तिने लिहिले, "पण बाबा, मेमरी?" माझे उत्तर : 'आधी नीट वाच, मग विचार.'

२ सप्टेंबर — चौकशी. "मसुदा कोणी तपासला होता?" तिचे उत्तर अहवालात आहे : "कोणीही नाही."
हे विधान असत्य आहे. मी तपासला होता.