पडवी, चौदा बाय आठ

बाबा, यंदा आपल्या गल्लीतल्या घरांची घरपट्टीसाठी नव्याने मोजणी झाली. तुम्ही गेल्यावर याआधीही झाली होती, पण तेव्हा कोणीतरी दारातूनच बघायचा आणि जुन्याच नोंदीवर थोडं वाढवून निघून जायचा. या वेळी नगरपालिकेने नेमलेल्या मोजणी कंपनीची माणसं आली. हातात टेप नव्हता, भिंतीवर लाल ठिपका पाडणारं यंत्र होतं. कोपऱ्यावर गणपतीचा कारखाना होता तिथे आता सात मजली इमारत उभी आहे. शनिवारी मुंबईच्या गाड्या गल्लीत शिरतात, काच खाली होते आणि आतून कोणीतरी विचारतं, विकायचंय का. भाव त्या इमारतीचा वाढला आणि त्या भावाची घरपट्टी आपल्या कौलांना लागली. भिंतीपलीकडच्या, काकांच्या वाटणीला आलेल्या काकूच्या अर्ध्या घराची नोटीस आली तेव्हा चष्मा डोळ्यांवर असूनही तिने कागद माझ्याकडे दिला. "तू वाच गो. तुझ्या तोंडून आकडा जरा कमी वाटेल."

तिच्या मुलाला ते अर्धं घर केव्हाचं विकायचं होतं. रोह्याला कंपनीत त्याची शिफ्ट, बायकोमुलं तिकडेच, आणि तिथेच जवळ वरश्याला फ्लॅट घ्यायचा तर हे घर विकल्याशिवाय जमत नव्हतं. काकू म्हणायची, "घरपट्टी माझ्या पापडातनं भरते. भरते तोवर मला कोण काढतो बघू." मागच्या पडवीत ती, शेजारची एक आणि जित्याहून सकाळच्या गाडीने येणारी एक, अशा तिघी जानेवारी ते मे पोह्याचे पापड लाटायच्या. तिचं त्या घरात राहणं त्या पडवीवर उभं होतं. मला ते माहीत होतं. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढे मला सबब राहणार नाही.

गल्लीतल्या सगळ्यांच्या हरकती मीच लिहिल्या. माझं अक्षर चांगलं आहे आणि मी रोह्याच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत काम करते, म्हणजे मला कागद कळतात, असा लोकांचा समज आहे. प्रत्येक अर्जाच्या खाली छापलेलं होतं, वरील माहिती खरी व पूर्ण आहे. 'खरी' शब्दाचा मला त्रास झाला नाही. 'पूर्ण' या शब्दाने झोप उडवली. काकूच्या अर्जावर तिच्या वतीने बोलणारी म्हणून माझी सही होती.

तुम्हीच मला असं केलंत. मला दमा होता म्हणून चौथीपर्यंत शाळेत घातलं नाहीत, अंगणातल्या तुमच्या कामाशेजारी बसवून शिकवलंत. सुतारी पेन्सिलीने फळीवर अक्षर काढायचात, मी ते गिरवायची, आणि चुकलं की तुम्ही खोडत नव्हतात, त्यावर रंधा फिरवायचात. माझं चुकलेलं अक्षर भुशात पडायचं. आकडे टेपवर शिकवलेत. फूट, इंच, आणि इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत. मी एकदा म्हणाले, एका सुताने काय होतं. तुम्ही दोन दिवस खपून केलेली खिडकीची चौकट उचलून माझ्यासमोर बसवून दाखवलीत. ती बसली नाही. मग ती चौकट तुम्ही चुलीत घातलीत. आईने विचारलं, चांगलं लाकूड का जाळताय? तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. ती एका सुताची चूक तुमची होती की मुद्दाम केलेली, हे मी तुम्हाला कधीच विचारलं नाही.

आणि त्या लाट्यांचा दिवस. मी आठ वर्षांची आहे. काकूच्या पडवीत पोह्याचं पीठ कुटून झालंय, तेलाचा हात लावून लाट्या करून ठेवल्यात आणि मी एक उचलून तोंडात टाकलीय. तुम्ही विचारता, खाल्लीस? मी मान हलवते, नाही. तुम्ही माझा दंड धरून मला काकूसमोर उभं करता. मी बोलेपर्यंत तिघी बायका लाटणी थांबवून बसलेल्या. "मी खोटं बोलले," मी म्हणते. काकू हसते. "भाऊजी, पोर हाय, सोडा. लाटी खायालाच असते," असं म्हणत माझ्या हातावर आणखी दोन ठेवते. तुम्ही त्या दोन्ही माझ्या हातातून उचलता आणि परात पुढे ओढून जागच्या जागी ठेवता. "कोणी विचारलं नाही तरी आपण होऊन सांगायचं," तुम्ही म्हणता. काकूचा चेहरा मला आजही दिसतो. तिने दिलेली वस्तू तुम्ही तिच्यासमोर परत ठेवली होतीत. शिक्षा मला झाली, अपमान तिचा झाला, आणि तुम्हाला दोन्हीतला फरक कळला नाही.

पण त्याच वर्षी तुम्ही मला माळा बांधून दिलात. भुशाने मला धाप लागते म्हणून वर, कौलांखाली, अभ्यासाची जागा. आपल्या आणि काकूच्या घरामधली भिंत खाली विटांची होती, वर तुम्ही फळ्या मारल्यात. पलीकडून त्या फळ्या काकूने धरल्या होत्या. जिना उभा होता आणि आईला तो समोर नको होता, म्हणून त्याला कपाटासारखं दार केलंत. अजून कोणालाही ते कपाटच वाटतं. मोजणीच्या माणसांनाही वाटलं.

हरकतींची सुनावणी नगरपालिकेत दुपारी होती. अधिकारी माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल, सर्दीने बेजार. काकूचा अर्ज वाचून म्हणाला, "घर जुनं, बाई एकट्या, रहिवास. कमी करून टाकू. मागची पडवी कशाला वापरता मावशी?"

"अशीच. पाय पसरायला."

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. तो लिहायला लागला. मी म्हणाले, "तिथे पापड लाटतात. विकायचे."

त्याने पेन खाली ठेवलं. "मॅडम, तुम्ही यांच्याच बाजूने आलात ना?"

"हो."

"मग मी हे ऐकलं नाही असं समजू का?"

एवढी मोठी वाट त्याने मोकळी करून दिली होती. "चौदा बाय आठ," मी म्हणाले. "एकशे बारा चौरस फूट. जानेवारी ते मे."

काकूने माझ्याकडे पाहिलं नाही. ती अधिकाऱ्याला म्हणाली, "बापावर गेलीय. त्याला इलाज नाय." मग मागे जाऊन बसली. पुढचा नंबर आपल्या घराचा होता. त्याचं नंतर लिहिते.

पडवी धंद्याची ठरली. वापर जुना म्हणून मागच्या वर्षांचाही फरक लावला. तो कागद काकूच्या मुलाने दोनदा वाचला आणि त्याच्या चेहऱ्यावर मी आनंद बघितला. त्याने तो लपवायचा प्रयत्नही केला, तेवढं मी मान्य करते. "आई, आता पापडातनं भर," तो म्हणाला. काकूने परात, पोळपाट, लाटणी जित्याच्या बाईला देऊन टाकली. मी मदत करायला गेले तर म्हणाली, "नको. तू मोजत बसशील." गणपती झाल्यावर घर विकलं गेलं आणि दिवाळीच्या आधी पाडलं. यंत्राला दीड दिवस लागला. पडवी सगळ्यात आधी गेली.

मागच्या रविवारी मी वरश्याला गेले. रोज रोह्याला कामाला जाते, म्हणजे इतके महिने तिच्या दारावरून पुढे जाण्यासारखंच होतं. तिसरा मजला, समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. गच्चीला सोसायटीचं कुलूप आहे, वाळवण घालायला मनाई. काकू वाळली आहे. तिने चहा केला, खिचडी केली आणि पापड तळला.

"दुकानातला हाय," ती म्हणाली. "पावती दाखवू?"

मी म्हणाले, "काकू, मला खोटं बोलता आलं नाही."

"व्हय. ऐकलं ना मी तुझं खरं." मग बाहेर बोट केलं. "ही गॅलरी चार बाय तीन हाय. कशाला वापरते विचार."

मी विचारलं नाही. ताटातला पापड खाल्ला. मीठ जास्त होतं. ती मला पुन्हा वाढत होती, आणि वाढता वाढताच म्हणाली, "त्या दिवशी मी मागच्या बाकावर होते गो. मला तुझ्या माळ्याचं कोणी विचारलं नाय. विचारलं असतं तरी मी नसतं सांगितलं."

बाबा, आता ते नंतरचं. काकूचा कागद बाजूला सारून अधिकाऱ्याने आपल्या घराचा काढला होता. "तळमजला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढचं अंगण. वर कौलं. बरोबर?" त्याने मान वर केली. माझ्याकडे असा बघत होता, जसा काही मी त्याला आणखी एखादा आकडा देणारच. मी म्हणाले, "बरोबर." त्याने घाईने सही केली. अशी माणसं रोज भेटत नाहीत, असं काहीतरी तो शेजारच्या कारकुनाला म्हणाला आणि दोघांनी माझ्याकडे आदराने पाहिलं.

काकूचं घर पडल्यापासून मधल्या भिंतीवरच्या तुमच्या फळ्या रस्त्यावरून दिसतात. वर खोली आहे हे कोणालाही कळेल. म्हणून मी बाहेरून निळं प्लास्टिक बांधून घेतलंय. लोकांना सांगते, पावसासाठी. आज तुमचा टेप काढून माळा मोजला. साडेदहा बाय नऊ, नवात एक सूत कमी. तुमच्या हातून चुकलेलं ते एक सूत बघून मला बरं वाटलं, हेही लिहायला हवं. मग माळ्याची नोंद घ्यावी असा अर्ज लिहिला. नीट अक्षरात, पूर्ण. तो या पत्राखाली आहे, आणि दोन्ही मी इथेच, माळ्यावर, ठेवून खाली जाणार आहे. आईने विचारलं होतं, आपलं का नाही सांगितलंस? मी म्हणाले, आपल्याला वाढीव घरपट्टी परवडली नसती. आईला ते लगेच पटलं.

परवडली असती.