पितळी पाठीची करवत कोणाची

मी, शांताबाई, कै. मालोजीराव जगदाळे यांची पत्नी, वय वर्षे एकसष्ट, राहणार मल्हारगंज, इंदूर, मध्यभारत, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने माझ्याशी भांडून पाहावे.

घरातला माझा हिस्सा धाकटे दीर जयसिंगराव यांना जावा. मागची पडवी मात्र त्यांची मुलगी प्रेमलता हिची. तिथे आम्ही दोघी पेट्या, देव्हारे बनवतो. तिथे कुणी गोवऱ्या रचू नयेत.

आता करवतीचे. यजमानांना सुतारकामाचा भारी नाद. ते गेल्यावर भाऊजींनी त्यांची हत्यारे वाटून टाकली. "बाईमाणसाला काय करायची?" म्हणाले. अस्सा संताप आला! मी भंगारातून जुन्या करवतीचे पाते आणले, छिन्नीने हवे तेवढे तोडले, कानशीने दात पाडले. करवत लाकडात शिरली आणि तिथेच अडकून बसली. भाऊजी पोट धरून हसले, "अहो वहिनीसाहेब, हा तर खिलौना झाला!"

दात एकाआड एक डावीउजवीकडे झुकवायचे राहिले होते. मग दुसरी करवत केली, तिचे झुकवले. पाते लवू नये म्हणून जुन्या पितळी परातीची पट्टी चुलीत तापवून मऊ केली, पाट्यावर ठोकून दुमडली आणि पात्याच्या पाठीवर घट्ट बसवली. मूठ शिसवीची. रेघ मारावी तशी कापते!

तरी भाऊजी तिला खंडेनवमीला तलवारींच्या पूजेत घेईनात. काल ऐन पूजेच्या वेळी चौरंगाचा पाय मोडला. भाऊजी गल्लीभर धावले. पण सगळ्या सुतारांची हत्यारे पूजेला मांडलेली. त्या दिवशी त्यांना हात कोण लावणार? पूजेबाहेर राहिलेली, कापणारी करवत एकच, माझी! मी नवा पाय कापला, त्याचे कुसू चौरंगाच्या खाचेत चपखल बसवले. त्यावर तलवारी मांडल्या, आणि शेजारी माझ्या करवतीला भाऊजींनी स्वतः हळदकुंकू वाहिले. जिंकले मी!

आज सकाळपासून म्हणताहेत, ही घराण्याची चीज, भिंतीवर टांगू. वा रे वा!

सबब, पहिली, अडकणारी करवत भाऊजींना द्यावी; त्यांनी ती खुशाल टांगावी. पितळी पाठीची प्रेमलतेला. तिने ती वापरून झिजवावी. खंडेनवमीला पूजेत जरूर ठेवावी, पण आधी चौरंगाचे चारही पाय हलवून बघावेत.

इंदूर, विजयादशमी, सन १९५३.

सही: शांताबाई जगदाळे

साक्षीदार:
दिनानाथ मुळ्ये, शेजारी.
जयसिंगराव जगदाळे, दीर. समक्ष वाचून सही केली. खिलौना हा शब्द मागे घेतो.