वरून प्यालेली बर्गंडी

३ जून, सकाळी

मुलगा प्रणवेश २१ तारखेला येतोय. सहा वर्षांनी. तिकडे फ्रान्सात बर्गंडी म्हणून भाग आहे, तिथल्या कॉलेजात शिकवतो. आईला फोनवर म्हणाला, हॉटेलात उतरेन, घरी फक्त जेवायला येईन. पण अप्पांचा हात उठला तर पानावरून उठेन आणि पुन्हा या घरात येणार नाही. हे सांगताना विशालाक्षी रडली. बायकोनं कशाला रडायचं? माझा हात उठतोच कुठे. तीस वर्षं गणित शिकवलं, त्यात थोडंफार चालायचंच. सहा वर्षांपूर्वी मी कॉफीचा टंबलर जरा जोरात ठेवला आणि मध्ये पोराचं कपाळ आलं. दोन टाके. तेवढ्यावरून कोणी देश सोडतं?

संकल्प: त्याच्या गावची लाल वाइन प्यायला शिकणे. वाचलं की ती फार नाजूक, सुगंधी असते, तापट माणसाला कळतच नाही. मला कळली की सिद्ध झालं.

रोजनिशी देवनागरीत लिहितोय. आम्ही तंजावूरचे मराठी; घरात बाकी सगळ्यांना तमिळच वाचता येतं.

५ जून

मेव्हणा सूर्यनारायण याला घेऊन बसनं तिरुचीला. दुकानात बर्गंडी मागितली. दुकानदारानं विचारलं, सर, गिफ्ट द्यायला का? म्हणजे मी स्वतः पिणारा दिसत नाही? कॉलर धरून शांतपणे समजावलं. दोन बटणं गेली. हलका माल. सूर्यनारायणनं माफी मागितली, कोणाच्या वतीनं ते कळलं नाही. तीन बाटल्या आणल्या.

६ जून, सकाळी ६:३०

बूच काढायचं यंत्र घरात नाही. नारळाचा कोयता आहे. एक घाव, बाटलीची मान बुचासकट गेली. भिंत, कॅलेंडर, माझा बनियन, सगळं लाल. दूधवाली नागलक्ष्मी नेमकी दारात. वाध्यारनं, म्हणजे मास्तरनं, अम्मांना कापलं म्हणून किंचाळत गल्लीभर पळाली. चार शेजारी आले. विशालाक्षी स्वतः बाहेर येऊन उभी राहिली तरी त्यांना पटेना. मग कोयता हातात घेऊन मीच पुढे झालो. लगेच पटलं.

सुगंध: फिनेल. (लादी नुकतीच पुसली होती.)

९ जून

दुसरी बाटली. सूर्यनारायणकडून स्क्रू आणवला. वाइनला हवा लागू द्यायची असते म्हणे. आम्हा तंजावूरच्या लोकांना हे शिकवायला नको. कॉफीचा डबरा-टंबलर, म्हणजे वाटी आणि पेला, घेतला, हातभर उंचीवरून पाचदा खालीवर केलं. फेस छान आला. मोबाइलवरचा गोरा मात्र हळुवार ओता, हळुवार ओता म्हणत बसला. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा मोबाइल भिंतीवर. तीच भिंत. तिचं नशीब.

फेसाळलेली वाइन उतली. धोतर लाल. प्यायचं राहिलं.

१२ जून

आज प्रत्यक्ष प्यालो. तिसरी बाटली. आमच्यात भांड्याला ओठ लावत नाहीत, उष्टं होतं. मान मागे, ग्लास डोक्यावर, धार सरळ घशात. ती आधी नाकात गेली. त्यामुळे सुगंध इतरांपेक्षा जास्तच मिळाला. खोकल्याच्या औषधाचा. सूर्यनारायण हसला. वर म्हणतो, भावोजी, ग्लास नाकापाशी आणल्याशिवाय वास कसा कळणार? छत्रीच्या दोन दिल्या. त्याच्या चष्म्याची एक काच फुटली. रात्री निरोप आला, कानात शिट्टी वाजतेय म्हणे. वय झालं त्याचं.

१६ जून

संकल्पाला तेरा दिवस झाले. हात एकदाही उचललेला नाही. (छत्री म्हणजे हात नव्हे.) विशालाक्षी चार दिवस बोलत नाहीये. घरात शांतता आली आहे, वाइनचा गुण.

२० जून

विशालाक्षीनं घरातले सगळे स्टीलचे टंबलर पोत्यात भरून भावाकडे पाठवले. विचारलं तर म्हणाली, उद्या केळीच्या पानावर जेवण आणि कागदी कप. आधुनिक झाली. कोयताही दिसत नाही.

२१ जून, दुपारी ३

प्रणवेश आला. केस विरळ झालेत. मी जेवणभर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो, जेवताना उजवा तेवढा काढला. सांबार खारट होतं, बोललो नाही. चाळीस मिनिटं. मग त्यानं पिशवीतून बाटली काढली, दोन पातळ काचेचे ग्लास काढले आणि मला आधी ओतली. कुठल्या उतारावरची द्राक्षं, केव्हा तोडतात, सगळं सांगत होता. माझ्याशी बोलत होता. मला भरून आलं. म्हटलं, आता दाखवूच.

नेहमीसारखा ग्लास उचलून डोक्यावर नेला.

खुर्ची पडली. त्यानं दोन्ही हातांनी कपाळ झाकलं होतं. चौतीस वर्षांचा बाप्या, माझ्याहून वीतभर उंच.

"अप्पा, मारू नका," म्हणाला. "उगे बसतों."

विशालाक्षी कधी मध्ये येऊन उभी राहिली, कळलं नाही. ग्लास वरच होता. मी नुसता पिणार होतो. ते सांगायला गेलो तर आवाज चढला. प्रणवेशनं खुर्ची उचलून नीट ठेवली, आईच्या पाया पडला, गेला.

२२ जून, सकाळी ६

तो पहाटेच्या गाडीनं चेन्नईला गेला. बाटली इथेच राहिली. ओठ लावून, नाक ग्लासात घालून प्यालो. वास चांगला आहे.

काल त्यानं हात काढले तेव्हा कपाळ समोरच होतं. टाके दोन नाहीत. सात आहेत.