हरकत कोणाची

१४ मार्च, शनिवार

प्रिय दादा,

वाद घालते म्हणून तू जिला वकिलीण म्हणतोस, तिचा नमस्कार. तुझं चार ओळींचं पत्र पोचलं. त्यातल्या दोन ओळी तिकडच्या हवेवर, एक तू काम करतोस त्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातल्या शेगडीवर. तुझ्या वाट्याला एकच आली, 'मी बरा आहे.' मीही बरी आहे. रुग्णालयाच्या धुलाईघरात नवं यंत्र आलंय. ते चादरी धुतं कमी आणि गिळतं जास्त. मुख्य परिचारिका रोज येऊन माझ्याकडे अशी बघते, जणू अभ्रे मीच घरी नेतेय.

तुझ्या उपाहारगृहाचं शटर मी आठवड्यातून दोनदा उघडते. बुरशी नाही, झुरळं नाहीत. काचेवरची नोटीस मात्र निघता निघत नाही. पातं लावून खरवडली, तरी 'मद्य व तंबाखूविक्रीचा परवाना मागितला आहे, हरकत असल्यास एकवीस दिवसांत लेखी कळवावे' एवढं अजून वाचता येतं. गोंद कुठला वापरतात कोण जाणे. सरकारी कामात तेवढं एकच टिकाऊ.

पुढचं लिहायला दोन दिवस गेले. मध्ये भांडी घासली, कपाट आवरलं, शेजारणीच्या पडद्यांना काठ शिवून दिला. तुला माझी खोड माहीत आहे.

गेल्या सोमवारी शिंपीकाका वर आले. गुडघ्यांनी असहकार पुकारलाय, तरी दोन जिने चढून आले. हातात कोट होता, करड्या रंगाचा, तुझ्यासाठी. म्हणाले, "तिकडे थंडी असते म्हणतात. माप आठवणीनं घेतलंय. खांदे उतरले असतील, तर अर्धा इंच आत घेता येईल."

दादा, हा तोच माणूस. तू गाव सोडलंस त्या दिवशी भर रस्त्यात त्यांच्या दुकानासमोर उभा राहून तू म्हणाला होतास, "काका, गल्लीत माझं सगळं ठाऊक असलेले तुम्हीच. तोंडावर सांगायचं होतंत. चोरून हरकत कशाला घेतलीत?" ते मशीनवरून मान वर न करता तसेच शिवत राहिले होते. गल्लीतल्या निम्म्या लोकांनी त्यांच्याकडे कपडे टाकायचं बंद केलं.

मी कोट घेतला आणि मला रडू आलं. त्यांनी खुर्ची ओढली, पाणी मागितलं, आणि मग हळूच म्हणाले, "पोरी, परवाना कार्यालयाच्या पेटीत तू पाकीट टाकलंस, तेव्हा मी समोरच बाकावर बसलो होतो. माझ्या दुकानाच्या पाटीचं काम होतं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? तुझं नाव घेतलं असतं, तर त्याची बहीण गेली असती. माझं नाव राहिलं, तर नुसती गिऱ्हाइकं गेली."

ती हरकत मी घेतली होती, दादा. नाव गुप्त ठेवावं, या चौकटीवर खूण करून.

आता सगळंच सांगते. तो दारूचा वितरक नमुन्याच्या बाटल्या ठेवून गेला, त्या दुपारी मी मीठ मागायला खाली आले होते. तू माझ्याकडे पाठ करून ओट्याशी उभा होतास. हातात बाटली होती आणि तुझा तो हात थरथरत होता. तू पीत होतास तेव्हा काकांनी तुला खांद्यावर टाकून वर आणलं होतं ना, त्या सकाळी थरथरत होता तसाच. मी विचारलं, "काय करतोयस?" तू म्हणालास, "लेबल वाचतोय." मी मीठ घेतलं आणि वर आले. बस, एवढंच. मी पुढे एक शब्द विचारला नाही. तुला वाईट वाटेल म्हणून नाही. तू खोटं बोललास तर काय करायचं, ते मला सुचत नव्हतं म्हणून.

मला वाटलं होतं, कोणी साहेब आपल्या खोलीत तो कागद वाचेल आणि गुपचूप 'नाही' लिहील. भरल्या सुनावणीत अधिकारी मोठ्यानं वाचतील असं स्वप्नातही नव्हतं. 'अर्जदारास दारू सोडून जेमतेम तीन वर्षे झाली आहेत.' मी तुझ्या शेजारच्या खुर्चीत होते. तुझे कान लाल झाले. त्यांनी विचारलं, "हे खरं आहे का?" तू उभा राहिलास, शर्टाचं वरचं बटण लावलंस आणि म्हणालास, "हो, खरं आहे." मग त्यांनी मद्य नाकारलं आणि तंबाखू मंजूर केली, बंद कपाटात ठेवण्याच्या अटीवर. लोक हसले. बाहेर आल्यावर तू माझ्या पाठीवर हात ठेवलास. माझी समजूत घातलीस, दादा. आणि मी ती घालून घेतली.

तुला दारूपासून लांब ठेवायचं होतं, याबद्दल मी माफी मागत नाही. तुला तोंडावर विचारलं नाही आणि काकांच्या माथी खापर फुटू दिलं, याबद्दल मागते.

आता कामाचं. तुझी मंगळवारची मंडळी तू गेल्यापासून बसथांब्यावर बसत होती. दारू सोडलेली नऊ माणसं, एका थर्मासभोवती. मला बघवलं नाही, म्हणून मागची खोली उघडून दिली. तर परवाना कार्यालयाची कारकून हजर. म्हणाली, व्यवसायाच्या जागेत मंडळ नियमितपणे बसत असेल, तर नोंदणी हवी, आणि जबाबदार व्यक्ती म्हणून जागा चालवणाऱ्याची सही हवी. मी म्हटलं, "बाई, ही माणसं चहा पितात." ती म्हणाली, "चहाला नको हो, जागेला हवी." बोलायला तशी बरी वाटली. तिनंच सांगितलं, की नकारानंतरची तुझी सहा महिन्यांची मुदत संपतेय आणि मद्याचा अर्ज तुला पुन्हा करता येईल. पण एकाच जागेत दोन्ही चालत नाही. जिथे असं मंडळ नोंदलेलं असेल, तिथे दारूचा परवाना मिळत नाही.

म्हणून दोन्ही अर्ज सोबत पाठवतेय, मला भरता आले तेवढे भरून. तुला हवा त्यावर सही कर. जागा तुझी आहे, आयुष्यही तुझंच आहे. या वेळी मी पेटीत काही टाकणार नाही. काही म्हणायचं झालंच, तर बस पकडून येईन आणि तुझ्यासमोर उभी राहून म्हणेन.

कोट वेगळ्या पार्सलानं येतोय.

मी तुझी बहीण आहे, हे लिहायला त्या दोन्ही अर्जांत रकाना नाही, म्हणून इथे लिहिते.

तुझी धाकटी


२३ मार्च, सोमवार

प्रिय वकिलीणबाई,

पत्र मिळालं, कोटही मिळाला. खांदे खरंच उतरलेत.

तुझं पत्र वाचून पहिल्या दिवशी तुझा राग आला. दुसऱ्या दिवशी पोळ्या करपवल्या. तिसऱ्या दिवशी काकांना पत्र लिहिलं. त्यात काय लिहिलं ते तुला सांगत नाही, ते आमच्या दोघांचं आहे.

तुला मात्र एक सांगायचं राहिलंय. त्या दुपारी मी लेबल वाचत नव्हतो. झाकण उघडलेलं होतं. मागे तुझी चप्पल वाजली म्हणून लावलं. तू मीठ घेऊन गेल्यावर ते परत उघडलं. एकच घोट घेतला, पण घेतला. म्हणजे सुनावणीत तुझं ते वाक्य वाचलं आणि मी 'खरं आहे' म्हणालो, तेव्हा तीन वर्षं उरलेलीच नव्हती. खोटं बोलणारा तिथे मी होतो. आणि काकांवर आवाज चढवायला तेच पुरेसं झालं. स्वतःवर ओरडायची सोय नव्हती.

इकडे आल्यावर दोन महिने पीत होतो. चार ओळींची पत्रं त्यामुळेच. तुझ्या हरकतीमुळे प्यायलो असं मनातसुद्धा आणू नकोस. बाटली आधी उघडली होती, हरकत तू नंतर घेतलीस. पुढे इथल्या आचाऱ्यानं मला एका मंगळवारी हाताला धरून नेलं. इथेही अशी मंडळी असतात. त्यांचा थर्मास आपल्यापेक्षा वाईट आहे.

मद्याचा अर्ज फाडला. मंडळाच्या अर्जावर सही केली आहे, तो सोबत आहे. 'जबाबदार व्यक्तीस व्यसन सोडून किती काळ झाला' या रकान्यात तू 'साडेतीन वर्षे' लिहिलं होतंस. ते मी खोडून खरा आकडा लिहिला. खाडाखोड केली म्हणून कारकूनबाई कुरकुरतील, तर त्यांना सांग, नियमाप्रमाणे खोडलेल्या जागी सही केली आहे.

इथलं काम महिनाअखेर संपवून येतो. शटरची किल्ली काकांकडे ठेव. आधी त्यांच्या दारात जाईन, मग आपल्या.

तुझा,
एकशे सव्वीस दिवसांचा दादा