कण्यातली चिठ्ठी

४ मार्च

ती. आत्यास,
सा. सलाम, वि. वि.

इकडे सर्व खुशाल, असे लिहिण्याची रीत आहे. पण तसे नाही. बाबा अजून उपासनेला येत नाहीत. गेल्या वर्षी त्या लग्नात बाबांनी बांधलेल्या गीतपुस्तकाचे पान उलटताच पाळकांनी नवरा-नवरीसमोर अंत्यविधीचे गीत सुरू केले, आणि काकांनी पंच या नात्याने भर मंडळीत सांगितले, की बाबा पिऊन पुस्तके शिवतात. ज्यांना खोकल्याचे औषधसुद्धा चढते, ते आपले बाबा!

ते गीतपुस्तक परत आल्यापासून दुकानाच्या फळीवर पडून होते. परवा मी त्याचा कणा सोलला. अस्तराखाली एक चिठ्ठी निघाली. तीत फर्म्यांचा, म्हणजे शिवायच्या छापील जुड्यांचा, क्रम होता, तोही चुकीचा, आणि अक्षर काकांचे. फर्मे त्यांनी लावून दिले होते. बाबांनी चिठ्ठीबरहुकूम शिवले आणि सवयीने तीच रद्दी म्हणून कण्यात चिकटवली. विचारले, तर म्हणाले, शिवण्याआधी पाहायला हवे होते. भावाचे नाव कशाला घ्यायचे?

मी घेणार. चिठ्ठी माझ्या पवित्र शास्त्रात ठेवली आहे. रोज प्रार्थनेआधी वाचते. मंडळीच्या वर्धापनदिनाचा शास्त्रपाठ माझ्याकडे आहे. पाठाऐवजी तीच वाचीन. माझा आवाज कोणाला ऐकू येत नाही म्हणतात. पहिल्या बाकावर काकांना येईल.

लोभ आहे; हे वाचूनही राहावा.

आपली,
भाची


११ मार्च

चि. वाळवीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या काकाला मी ओळखून आहे. लहानपणी बरणी फोडून मांजरावर ढकलणारा तोच. संताप मलाही आलाय.

पण तुझी आई लिहिते, चिठ्ठी तू तलम कागदात गुंडाळतेस, कुणाला हात लावू देत नाहीस, तिच्यापुढे डोळे मिटून बसतेस. देवाला कधी इतकं जपलंस का गं? मूर्ती म्हणजे दुसऱ्याच्या घरातली वस्तू, असं आपण खुशाल समजतो. तुझी तळहाताएवढी आहे, एवढंच.

खरं जरूर सांग. तिच्यापुढे गुडघे मात्र टेकू नकोस. आणि जेवत जा, नाहीतर वाळवी म्हणायलाही काही उरणार नाही.

माया आहेच.

तुझी आत्या


२ एप्रिल

ती. आत्यास,
सा. सलाम, वि. वि.

आपल्या पत्राचा राग आला होता. वर्धापनदिनाला पाठ वाचायला उभी राहिले आणि शास्त्र आपोआप उघडले ते चिठ्ठीपाशीच. पुस्तक जिथे रोज उघडावे, तिथे त्याचा कणा वाकतो. बांधणाऱ्याच्या मुलीला हे ठाऊक असायला हवे होते. मी अडखळले असे वाटून काका इतर पंचांकडे पाहून हसले. तेव्हा ती वाचावी, असे फार वाटले.

पाठ मी तोंडपाठ म्हटला. नंतर पाळकांदेखत चिठ्ठी काकांच्या हातात दिली आणि सांगितले, की आठ दिवसांत ही बाबांना नेऊन द्या आणि मंडळीत खरे बोला. नाहीतर पुढच्या रविवारी मी बोलेन. त्यांचा चेहरा पडलेला पाहून मला गोड वाटले. खोटे कशाला लिहू?

ते दुकानात आले, रडले. रविवारी बोललेही, पुटपुटत. बाबा तिसऱ्या बाकावर बसले होते. काका दुकानात आले त्याच दिवशी बाबांनी मात्र चिठ्ठीला खळ लावून नव्या गीतपुस्तकाच्या कण्यात चिकटवले. चांगला कागद आहे म्हणे! मी दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही.

आता चिठ्ठी नाही. माझे शास्त्र मात्र अजून तिथेच उघडते. रोज पाने उलटून मी पुढे जाते.

लोभ असावा, माझ्यावर जरा अधिक.

आपली,
वाळवी