कोबाल्टच्या चार ओळी

३ मार्च
कोबाल्ट! दिवसभर या एकाच शब्दाचं कूळ शोधत बसले. निघाला जर्मन. कोबोल्ड — म्हणजे खाणीतलं भूत. खनिज दिसायचं चांदीसारखं. भाजलं की चांदी गायब आणि माणसं आजारी. भुताचीच करणी, असं खाणवाले म्हणत. शब्दकोशाच्या कचेरीत एवढी करमणूक वर्षातून एकदा!

४ मार्च
संपादक म्हणाले, "शब्दाचं मूळ चार ओळींत. पाचवी नको." त्यांचं बोलणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पाचवी खोडली — खनिजात सोमल, म्हणजे आर्सेनिक, असे, भाजताना विषारी धूर निघे. भूत ठेवलं, धूर काढला.

९ मार्च
धाकटा भाऊ जेवायला आला होता. त्याच्या कारखान्यात नवं खनिज आलंय, चकचकीत. आठवड्यात तिघे आडवे झाले — ओकाऱ्या, हातांना फोड. भट्टीला काहीतरी लागलंय म्हणे! कुणी जवळ जायला तयार नाही. हा आमचा पठ्ठ्याही घाबरलेला. मी पोट धरून हसले. माझ्या चार ओळी पाठच होत्या, त्या ऐकवल्या. "चारशे वर्षांपूर्वी खाणवालेही हेच बरळत होते. भूतबीत काही नसतं रे!"
"नक्की ना, ताई?"
"अरे, कोशात लिहिलंय मी."
मग पोटभर जेवला.

१० मार्च
धाकटा कामावर गेला. आपलं शिक्षण घरच्यांच्या उपयोगी पडलं, बरं वाटलं.

१४ मार्च
सकाळी छापखान्यातून कोबाल्टचं पान तपासायला आलं. वाचता वाचता चौथ्या ओळीपाशी थांबले. भूत खोटं — पण आजार खरा होता! मला ठाऊक होतं. धुराची ओळ मीच खोडली.
तशीच धाकट्याच्या घरी पळाले. दुपारची पाळी, डबा घेऊन निघालाच होता. दारात आडवी उभी राहिले. "जाशील तर माझी शपथ!" सोमलाचं सांगितलं. वाटलं, वाचला बाई!
तो पांढराफटक. "बाकीच्यांचं काय, ताई? मी सगळ्यांना तुझं नाव सांगून आत पाठवलंय." मला बाजूला सारून धावत सुटला.

१५ मार्च
आत अकरा होते. नऊ धाकट्यामागून चालत बाहेर आले, दोघांना उचलून आणलं. त्यातला एक पहाटे गेला. इस्पितळात त्याच्या आईने माझा हात धरला. "कोशातल्या ताई तुम्हीच ना? तो जातच नव्हता हो. तुम्ही सांगितलंत म्हणून मीच पाठवला."