मावशींच्या फ्रीजचे माइल्स

रविवार, संध्याकाळ

झाली एकदाची तिकिटं! आधी रोम, मग पॅरिस, आणि दोघांचाही विमानप्रवास क्रेडिट कार्डाच्या खरेदीवर साठवलेल्या माइल्सवर. माझ्या या नादाला इतके दिवस हसणारा नवरा आज स्वतःच बॅगा शोधतोय. बरं वाटलं.

पण हे माइल्स माझे कुठे? ओळखीत कुणाची मोठी खरेदी निघाली की माझं कार्ड पुढे. त्यांनी तेवढे पैसे लगेच माझ्या हातात ठेवायचे, माइल्स मला. मखमलाबादच्या फूलवाल्या सुशीलामावशी तर फ्रीज घ्यायला मलाच दुकानात घेऊन गेल्या. त्या फ्रीजमध्ये भाजी कमी, ओल्या फडक्यात गुंडाळलेली शेवंतीच जास्त.

म्हणून आज पेढे आधी त्यांना दिले. विचारलं, "मावशी, तिकडून काय आणू?" मला वाटलं, अत्तर म्हणतील. त्या गजरा ओवता ओवता म्हणाल्या, "काय नको गं. तिकडं फुलं इकणाऱ्या बाया असतील ना? उरलेल्या फुलांचं त्या काय करतात, तेवढं इचारून ये."

घरी येऊन पुन्हा लॅपटॉप उघडला. परतीच्या वाटेवर एका शहरात थांबायला जादा माइल्स लागत नाहीत. ती मुभा मी सोडूनच दिली होती! "आता आणखी कुठे?" नवरा म्हणाला. ॲमस्टरडॅम. तिथे फुलांचा बाजार आहे.

तिथली भाषा येत नाही, कसं विचारणार? विचारीन खाणाखुणांनी. रोम, पॅरिस ही माझी हौस. ॲमस्टरडॅमला मी मावशींच्या त्या फ्रीजच्या जिवावर चाललेय; उत्तर घेतल्याशिवाय परतायचं नाही.